पाचवीची शाळा आणि देवीचा बोकड

त्या दुष्काळात आमच्या घरात पोटभर खाणारा एकच जीव होता, आणि तो होता बोकड. माणसं अर्धी भाकर खाऊन उठायची, पाणी घोट घोट प्यायची. गाय छावणीला गेली होती. शेळ्या बाजारात मातीमोल गेल्या. कोंबड्या तर त्याच्या आधीच संपल्या. पण बोकडाकडं वाकड्या नजरेनं बघायची कोणाची टाप नव्हती, कारण तो देवीच्या नावानं सोडलेला. कानाला कातरा मारलेला, गळ्यात लाल दोरा, आणि तोरा असा की वाटेत बसला तर माणसानं वळसा घालून जायचं. मी त्याला रानातून पाला आणून टाकायची आणि टाकता टाकता शिव्या द्यायची. "खा मुडद्या, खा. माझ्या पोरीची शाळा खाल्लीस, आता हे बी खा!"

देवीच्या जनावराला असं बोलू नये, हे मला कळत होतं. पण त्या उन्हाळ्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका जागी बसले की वाटायचं उठावं, उठले की वाटायचं कुठं जावं.

आमचं गाव लोह्यापासून आत, फाट्यावर उतरून चालत जायचं. घरात सासू, मी आणि माझ्या दोन मुली. मालक लातूरला. लातूर नवा जिल्हा झाला, नवी ऑफिसं निघाली, त्यातल्या एका ऑफिसात त्यांना शिपायाची नोकरी लागली होती. तिथं ते एक खोली करून राहायचे, हातानं भाकरी थापायचे, त्यातल्या निम्म्या करपवायचे, आणि शनिवारच्या यष्टीनं गावाकडं यायचे.

एका शनिवारी ते आले आणि हातपाय धुता धुता म्हणाले, "थोरलीला पाचवीला लातूरात टाकावं म्हणतो. साहेबांच्या पोरी जातात, निळा गणवेश घालून. आपली का जाऊ नये?"

बस. ते बोलून जेवायला बसले, आणि माझ्या डोक्यात किडा सोडून दिला.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर दूरच्या गावाला ओढा ओलांडून जावं लागायचं, आणि पोरींना कोण पाठवतंय? चौथी झाली की पोरगी शेळ्यांमागं, मग खडी फोडायला, मग मांडवात. हे मी कोणाचं ऐकून सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी स्वतः शाळा सोडून खडी फोडली आहे. दुष्काळी कामावर वाटायची ती सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. दुष्काळ सरला, पाऊस पडला, सगळ्यांची शेतं परत हिरवी झाली, पण माझं पाटी-दप्तर काही परत आलं नाही. आमच्या मायला विचारलं तर म्हणायची, "आता काय, मोठी झालीस की!" मोठी कसली, दगड उचलता येत होता, एवढंच.

म्हणून धाकटीच्या वेळी मी आणि मालकांनी ठरवून टाकलं होतं, की दोन पोरी बस झाल्या. आहेत त्यांना शिकवायचं, माणसात आणायचं. बाळंतपणाबरोबरच मी ऑपरेशन करून घेतलं. चोरून नाही. दवाखान्यातून घरी आले आणि सासूला तोंडावर सांगितलं, "आत्याबाई, मी आपरेशन केलंय. आता नातवाची वाट बघू नका."

मला वाटलं, आता ही घर डोक्यावर घेणार. पण ती रडली नाही, ओरडली नाही. सुपातले खडे निवडता निवडता म्हणाली, "आपरेशन डाक्टरनं केलं. कूस तर देवीची हाय. कितीक बायांचं आपरेशन फेल जातंय."

कपाळ माझं!

दुसऱ्याच मंगळवारी ती माळावरच्या देवीला जाऊन नवस बोलून आली. नातू झाला की बोकड देईन. आणि एवढ्यावर थांबली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्याला तिनं शेपूट जोडलं: नवस फिटेपर्यंत ह्या घरची चूल दुसरीकडं मांडू देणार नाही. म्हणजे सुनेनं पोरी घेऊन बिऱ्हाड हलवायचं नाही. मालकांनी लातूरला एकटं राहावं, आणि आम्ही इथं ऑपरेशन फेल जाण्याची वाट बघत बसावं! धाकटी चालायला लागली, बोलायला लागली, दात पडायच्या वयाला आली, तोवर नवसाला सोडलेलं करडू वाढून चांगलं थोराड झालं.

सासू वाईट बाई नव्हती, हे पण सांगायला पाहिजे. टँकर आला की स्वतः घागर घेऊन पुढं पळायची, मला म्हणायची तू पोरींना बघ. थोरलीवर तर तिचा जीव. भाकरीचा पापुद्रा काढून त्यावर तिखट-मीठ घालून आधी थोरलीला द्यायची, मग बाकीच्यांना. पण चुलीचं नाव काढलं की ती ऐकायची नाही. तिच्या धाकट्या दिरानं बहात्तरला चूल उचलली आणि बायकापोरं घेऊन निजामाबादकडं गेला. "पाऊस पडला की येतो वहिनी," म्हणाला होता. पाऊस लई पडला. तो आला नाही. त्याच्या वाट्याच्या खोलीचं कुलूप गंजलं, तरी सासू दर दिवाळीला त्या दारापुढं सारवायची.

"माणूस गेलं तर येतंय," ती म्हणायची, "चूल गेली की न्हाई येत. आन घरात पोरगा असला की चूल हलत न्हाई. पोरी तर जानारच की गं."

"आन तुमचा पोरगा? तो तर कवाच लातूरला जाऊन बसलाय."

"त्याची चूल इथं हाय," ती म्हणायची. झालं.

मालकांना सांगावं तर त्यांचा एकच मंत्र: सबूर. आईपुढं त्यांचं तोंड शिवलेलं. "सबुरीचं फळ गोड असतंय," असं मला समजावायचे. मी म्हणायची, "अहो, झाडालाच पाणी न्हाई, फळ कुठून येईल?" मग ते हसायचे, आणि मला अजून राग यायचा. रविवारी ते परत यष्टीत बसले की मी फाट्यावरून घरी येईस्तोवर स्वतःशीच भांडत यायची. उन्हाळा सरत आला होता. थोरलीची चौथी झाली होती, निकाल लागला होता, चांगली पास झाली होती. शाळा उघडायला दिवस उरले नव्हते. एक वर्ष घरी बसली की पोरगी बसली, हे मला पक्कं माहीत होतं. वर्ष कधी एकच नसतं.

शेवटी मी एक डोकं चालवलं. आमच्याकडं देवीला बोकड द्यायच्या आधी तिला विचारतात. बोकडाला देवीपुढं उभं करायचं, कपाळाला हळद-कुंकू लावायचं आणि पाठीवर पाणी टाकायचं. त्यानं अंग झाडलं, तर देवीनं कबूल केला. नाही झाडलं, तर देवीची मर्जी नाही, जनावर परत न्यायचं. मी आत्याबाईला म्हणाले, "चला, देवीलाच विचारू. तिनं आत्ताच बोकड घेतला, तर नवस फिटला. मी पोरी घेऊन जाते. न्हाई घेतला, तर मी चुलीचं नाव काढनार न्हाई."

सासूनं माझ्याकडं बघितलं. देवाधर्मात ती लबाडी करणारी नव्हती. "हाव," म्हणाली. "मंगळवारी चल."

मला मनातून गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला सांगू? पाठीवर पाणी पडल्यावर अंग न झाडणारं जनावर मी जन्मात बघितलं नव्हतं. देवीवर माझा विश्वास होता, आणि बोकडाच्या कातडीवर त्याहून जास्त होता.

मंगळवारी आम्ही माळावर गेलो. आत्याबाई, मी, थोरली, आणि तमाशा बघायला आलेल्या आळीतल्या चार बाया. बोकड दोरीनं ओढत नेला. ऊन असं, की पायाखालचा दगड चटका द्यायचा. टँकरच्या पाण्यातली अर्धी घागर मी डोक्यावर घेतली होती. तेवढंच त्या दिवसाचं पाणी. एक तांब्या देवीला लागणार, बाकीचं परत न्यायचं, असा हिशेब. पुजाऱ्यानं कुंकू लावलं. मी हात जोडले. "आई, माझ्या पोरीचं बघ," एवढंच म्हणाले, आणि तांब्या बोकडाच्या पाठीवर ओतला.

बोकडानं डोळे मिटले.

बस, मिटले आणि उभा राहिला. कान खाली पाडले. इतक्या दिवसांत त्याच्या अंगाला गार काही लागलंच नव्हतं, त्याला बिचाऱ्याला बरं वाटत होतं! अंग कशाला झाडेल? उलट मान वळवून स्वतःचीच पाठ चाटायला लागला.

"परत टाका," मी म्हणाले. पुजारी म्हणाला, "बाई, एकदाच टाकत असतेत." मी ऐकते होय? दुसरा तांब्या टाकला. तिसरा टाकला. बोकड हलेना. मागून एक बाई म्हणाली, "आता साबन बी लाव गं!" आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी घागरच उचलली आणि सगळी त्याच्यावर रिकामी केली.

"माय!" थोरली ओरडली. "प्यायला काय?"

जमिनीनं ते पाणी क्षणात पिऊन टाकलं. बोकड खाली वाकून ओली माती चाटत होता. मी रिकामी घागर धरून उभी, आणि देवी आपली जागच्या जागी. रडू येत होतं, पण त्या बायांपुढं रडले नाही.

आत्याबाई काही हसली नाही. तिनं दोरी हातात घेतली. "न्हाई म्हन्ली देवी," एवढंच बोलली आणि घराकडं चालायला लागली. त्या दिवशी शेजारणीनं तांब्याभर पाणी दिलं म्हणून पोरींचे घसे ओले झाले.

दिल्या शब्दाप्रमाणं मी गप्प बसायला हवं होतं. बसले पण. दोन-चार दिवस तोंडातून शब्द काढला नाही. भाकरी थापताना पीठ कमी आणि थापा जास्त, असं चाललं होतं. मग शनिवारी मालक आले आणि थोरलीनं त्यांना विचारलं, "बापू, शाळा कवा उघडायची? मी कुठं जायाचं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी आत्याबाईकडं बघितलं, आणि माझा बांध फुटला.

"मी जानार," मी म्हणाले. "शब्द मोडला म्हना, नवस मोडला म्हना. पाप लागायचं ते मला लागू दे. पोरीला शाळा लागू दे."

मला वाटलं भांडण होईल, आणि मला भांडणच पाहिजे होतं. पण आत्याबाई घाबरली. मी तिला कधी घाबरलेली बघितलीच नव्हती. "तुला काई व्हायचं न्हाई गं बाई," ती म्हणाली. "देवी सासुरवाशिनीला धरत न्हाई. लेकराला धरती. ज्याच्यासाठी मोडलं, त्यालाच धरती."

हे तिनं मला अडवायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. आणि सांगू का? मलाही वाटत होतं. मी काही देव न मानणारी बाई नाही. तरी मी निघाले. भांड्यांचं पोतं, गोधड्या, दोन पोरी. आत्याबाई फाट्यापर्यंत आली नाही. दारात बोकडाची दोरी धरून उभी होती. मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला.

लातूरची खोली म्हणजे एक पत्रा, एक खिडकी आणि सार्वजनिक नळापुढं घागरींची रांग. दुष्काळ काय जिल्हा बघून पडत नाही. पण शाळेत नाव घातलं. थोरलीचा निळा गणवेश शिवून आला, तो घालून ती आरशाच्या तुकड्यात आधी वरचा अर्धा, मग खालचा अर्धा बघायची. मी तिला शाळेच्या फाटकात सोडायची आणि तिथंच उभी राहायची. पहारेकरी म्हणायचा, "बाई, जा की घरी." घरी जाऊन काय करू? जीव लागत नव्हता. पोरगी खोकली की मी हातातलं काम टाकून तिच्याकडं धावायची. ठेच लागली तरी वाटायचं, झालं, धरलं.

आणि मग तिला ताप आला.

पहिल्या दिवशी वाटलं उतरेल. उतरला नाही. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले टायफॉइड आहे, पाण्यातून होतो, शहरात लई पेशंट आहेत, औषध द्या, घाबरू नका. घाबरू नका म्हणे! पोरगी तापात बरळत होती, आजीला हाका मारत होती, आणि माझ्या कानात एकच: ज्याच्यासाठी मोडलं त्यालाच धरती. डॉक्टरचं औषध मी वेळेवर देत होते, आणि देताना मनात देवीपुढं नाक घासत होते. आई, चुकलं. पोरगी उठू दे, मी चूल उचलून परत जाते. नको मला ती शाळा. नको गणवेश. खडी फोडेल, पण जिवंत राहील.

मालकांनी रजा टाकली आणि आईला सांगायला गावाकडं गेले. मी त्यांना म्हणाले, "त्यांना सांगा, ताप उतरला की आम्ही येतोय. कायमचं." ते पिशवी उचलून यष्टीला गेले.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. घामानं गोधडी भिजली, आणि सकाळी डोळे उघडून म्हणाली, "माय, भूक लागली." मी तिला पेज पाजली, आणि पाजता पाजताच सामान बांधायला काढलं. भांडी पोत्यात भरली. गणवेश सगळ्यांत खाली घातला, डोळ्यापुढं नको म्हणून. देवीला शब्द दिला होता, आणि एकदा शब्द मोडून बघितलं होतं. परत हिंमत नव्हती. पोरगी भिंतीला टेकून बघत होती.

रविवारी मालक आले. हातात पितळी डबा, फडक्यात गच्च बांधलेला. पोरीला बसलेली बघितली आणि डबा तसाच धरून तिच्याजवळ बसले. तिच्या कपाळाला हात लावून बघितला, परत लावून बघितला. मग डबा माझ्याकडं सरकवला. उघडला तर मटणाचा रस्सा.

"हे काय?"

"देवीचा परसाद," ते म्हणाले. "मायनं बोकड दिला. सांगायला गेलो, निरोप ऐकला, आणि चप्पल न घालता उठली. भावकीला बोलावलं आणि दोरी धरून माळावर गेली. म्हणाली, तिला सांग, नवस फिटला. परत येऊ नको म्हनाव. चूल तिकडंच ऱ्हाऊ दे. नातू नगं मला. ही जगू दे."

थोरली म्हणाली, "आज्जी रडत व्हती का?" ते म्हणाले, "न्हाई गं, आज्जी कशाला रडती." आणि उगाच डब्याच्या फडक्याची घडी घालायला लागले.

इतकी वर्षं तिनं तो बोकड पोसला, स्वतः अर्धपोटी राहून पोसला. घरात मागं कोणी उरावं, एवढ्यासाठी. मला मध्येच ते माळावरचं आठवलं, आणि मी विचारलं, "पन देवीनं घेतला का? पाणी टाकल्यावर अंग झाडलं का त्यानं?"

मालकांनी मान हलवली. "मायनं पाणी टाकलंच न्हाई. पुजारी म्हणत होता टाका, तर त्याच्यावर खेकसली. म्हणाली, इचारलं आन न्हाई म्हन्ली, तर मी काय करू?"

मी तिथंच रडले. पोरींपुढं, मालकांपुढं, तोंडावर पदर न घेता रडले. मग डोळे पुसून पोतं उपसलं, तळातला गणवेश काढला, झटकला आणि खुंटीला अडकवला. पोरीच्या अंगात शक्ती आल्यावर, पुढच्या सोमवारी, मी तिला परत शाळेत नेऊन सोडलं.